ताई, वायर लावा ना!

“ताई, गिटारला पिन कुठे लावायची?”

कार्यक्रमाला पाऊण तास राहिलेला असतो. स्टेजवर एक बिनहातांची खुर्ची, डाव्या पायाखाली घ्यायचं छोटं स्टूल आणि मी. साउंडवाले दादा काळी वायर घेऊन माझ्या गिटारभोवती दोनदा फिरतात, कडेला कुठे भोक दिसतंय का बघतात. नसतं. मी म्हणते, “दादा, हिला माइक लावायचा.” त्यावर त्यांचा चेहरा असा होतो, जणू मी अख्ख्या मांडवात समया लावून उजेड करायला सांगितलाय. “माइक शिट्टी मारणार, ताई. वायर लावा ना. वायरवाली गिटार नाही का घरी?”

आहे. घरी वायरवाली गिटार आहे. कपाटावर, केसमध्ये, धूळ खात. ती तिथे का गेली याची ही गोष्ट. खरं तर गोष्ट कमी आणि भांडण जास्त.

आधी एक खुलासा. मी क्लासिकल गिटार वाजवते. नायलॉनच्या तारा, हातात प्लेक्ट्रम नाही, उजव्या हाताची नखं वाढवलेली. गिटार म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ट्रेकमधली शेकोटी आणि चार कॉर्ड येत असतील, तर ते वाद्य याची लांबची चुलतबहीण. तिला स्टीलच्या तारा असतात आणि ती आवाजानं दणकट असते. माझी गिटार अबोल. दिवाणखान्यात ती सगळं बोलते, पण तीनशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये, वर बारा पंखे गरगरत असताना, पाचव्या रांगेनंतर तिचं काही चालत नाही. म्हणजे आवाज वाढवायला हवाच. त्यावर माझा वाद नाही. वाद आहे तो काय वाढवायचं यावर.

सहा वर्षांपूर्वीची संध्याकाळ. पुण्यातलाच एक हॉल, नाव सोडून देऊ. तोवर मी हौसेनं पिकअपवाली गिटार घेतली होती. पिन लावली, दिवा पेटला, दादा खूश. मी तारेगाचं ‘रिकुएर्दोस दे ला आलाम्ब्रा’ वाजवलं. गिटार शिकणाऱ्या प्रत्येकाला त्या तुकड्यानं कधी ना कधी रडवलेलं असतं. त्यात अंगठा खाली एक चाल चालवतो आणि वर अनामिका, मधलं बोट, तर्जनी एकाच तारेवर इतक्या सलग फिरतात की सूर तुटतच नाही; पाण्याची धार लागल्यासारखा वाटतो. मी त्यावर तीन वर्षं घालवली होती. नखाचा कोन किती, नख आधी लागतं की बोटाचं मांस, प्रत्येक बोटाचा आवाज सारखा येतो का, हे सगळं मेट्रोनोमवर, कासवाच्या गतीनं. पर्समध्ये लिपस्टिक नसते पण नखं घासायला बारीक पॉलिशपेपर असतो, अशी माझी अवस्था.

आमचे सर शेवटच्या रांगेत बसले होते. कार्यक्रमानंतर लोक भेटायला आले, फोटो झाले, “काय स्पीड आहे तुझा” वगैरे झालं. सर शेवटी आले. म्हणाले, “तू वाजवत होतीस ते दिसलं. हात ऐकू नाही आला.”

घरी जाऊन मैत्रिणीनं फोनवर केलेलं रेकॉर्डिंग लावलं. धारबीर काही नव्हती. टपटपटपटप. पत्र्यावर पाऊस. तीन वर्षांच्या मेहनतीचा टाइपरायटर झाला होता.

हे का होतं, ते समजून घ्यायला मला लाजिरवाणा वेळ लागला, म्हणून तुम्हाला दोन मिनिटांत सांगते. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप चुंबकावर चालतो, त्याला लोखंडी तार लागते. नायलॉन चुंबकाला ओळखत नाही. म्हणून क्लासिकल गिटारमध्ये बसवतात तो पायझो, म्हणजे एक बारीक पट्टी. ब्रिजवर जे पांढरं हाड असतं, ज्यावरून तारा जातात, त्याच्या खाली ती सरकवलेली असते. तार छेडली की पट्टीवरचा दाब बदलतो आणि त्या दाबाची वीज होते. सोपं, स्वस्त आणि शिट्टी न मारणारं.

पण गिटारचा आवाज म्हणजे तारेचा आवाज नव्हे. नुसती तार हवेला फारशी हलवू शकत नाही, ती फार बारीक आहे. तार ब्रिजला हलवते, ब्रिज वरच्या लाकडाला हलवतो. ते लाकूड स्प्रूसचं किंवा सीडरचं, जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड. मग लाकूड पोटातली हवा हलवतं आणि हे सगळं मिळून जे बाहेर पडतं, त्याला आपण गिटार म्हणतो. पायझो या साखळीच्या पहिल्याच कडीला कान लावून बसलेला. फोडणी पडल्याचा चर्र आवाज ऐकून आमटीची चव सांगावी, तसं. नख तारेवरून सुटतानाचा खटका तो इमानदारीनं सांगतो, नंतर लाकडानं त्या खटक्याचं काय केलं ते त्याला फारसं ठाऊकच नसतं. त्यात मध्ये प्रीअँप नसेल आणि पिन थेट मिक्सरच्या लाइनमध्ये खुपसली, तर आणखी मजा. असल्या पायझोला 1 मेगाओम किंवा त्याहून जास्त इनपुट लागतो. तो मिळाला नाही की बेस गळून जातो आणि उरतो तो पत्रा. मग दादा त्या पत्र्यावर एको चढवतात. एको चढवलेला पत्रा!

तार कुठे छेडली याचा फरक पायझोला थोडाफार कळतो, अगदीच बहिरा नाही तो. ब्रिजजवळचा कोरडा आवाज आणि भोकाजवळचा मधाळ आवाज यांत काहीतरी वेगळं आहे एवढं त्यातून पोचतं. पण ‘काहीतरी वेगळं आहे’ एवढ्यासाठी कुणी बारा वर्षं रियाज करत नाही.

आता दुसरी बाजू. या टोकाला उभे आहेत सोवळ्यातले लोक. त्यांच्या मते खरी गिटार माइकशिवायच ऐकावी, माइक लावला की ती बाटली. पुरावा म्हणून ते सेगोव्हिया काढतात. आंद्रेस सेगोव्हिया हा माणूस (1893 ते 1987) मोठमोठ्या सभागृहांत बिनमाइकचा वाजवत असे आणि लोक श्वास रोखून ऐकत, हे खरंच आहे. मलाही त्याचं भारी वाटतं. पण तो जिथे वाजवत होता तिथली सभागृहं मुळात माइकशिवाय ऐकण्यासाठी बांधलेली असत, आणि तिथे डोक्यावर बारा पंखे गरगरत नसत. त्याच्या पुढच्या पिढीतल्या जॉन विल्यम्सनं मोठ्या हॉलमध्ये, ऑर्केस्ट्रासोबत, उघडपणे माइक-स्पीकर वापरले. त्यापायी काहींनी नाकं मुरडली. त्यानं वाजवणं सोडलं नाही. रोद्रिगोचा ‘आरान्हुएस’ कन्चेर्तो 1940 मध्ये बार्सेलोनात पहिल्यांदा वाजला. त्यात रोद्रिगोनं गिटार बोलत असताना ऑर्केस्ट्राला मुद्दाम पातळ ठेवलंय. तरीही आज कित्येक मोठे वादक तो माइकवर वाजवतात. बाटले का सगळे?

आणि थोडं मागे जाऊ. तारेगा स्वतः बहुतेक लहान बैठकींत वाजवायचा, समोर मोजकी माणसं. शेवटच्या काळात तर तो नखंसुद्धा वापरत नसे, नुसत्या बोटांच्या मांसानं वाजवायचा. म्हणजे आवाज आणखी मऊ, आणखी लहान. त्याचं संगीत दोन हात अंतरावरून ऐकायचं संगीत आहे. ते तीनशे माणसांसमोर बिनमाइकचं वाजवणं हे माझ्या मते सोवळं नाही, तो पहिल्या पाच रांगांचा पक्षपात आहे. शेवटच्या रांगेतल्या मुलीनंही तेवढ्याच पैशांचं तिकीट काढलंय आणि ती बहुतेक बसचे दोन टप्पे करून आलेली असते.

आपल्याकडे बिनमाइकचं गाणं होतंच की, असं कुणीतरी म्हणेल. होतं. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळात नटमंडळी थिएटरच्या टोकापर्यंत गळ्याच्या जोरावर पोचत. पण ते गळे त्यासाठीच घडलेले होते आणि ऐकणारेही. मुंबईत एनसीपीएचं टाटा थिएटर 1980 मध्ये उघडलं. त्याचं ध्वनिशास्त्र सिरिल हॅरिस यांनी पाहिलं होतं आणि हजारेक माणसांना बिनमाइकचं संगीत ऐकू यावं हा त्यामागचा विचार होता. अशी जागा मिळाली तर मीही माइक कडेला ठेवीन, आनंदानं. पण आपल्या वाट्याला येतात ते बहुउद्देशीय हॉल. ‘बहुउद्देशीय’ याचा अर्थ सकाळी साखरपुडा, दुपारी पतसंस्थेची सभा आणि संध्याकाळी मी.

एवढं बोलल्यावर तुम्हाला वाटेल, आता ही साउंडवाल्या दादांवर घसरणार. नाही. त्यांची बाजू ऐका. माझ्या आधी नऊवारीतला ग्रुप डान्स असतो, माझ्या नंतर प्रमुख पाहुण्यांचं भाषण. एकच मिक्सर, तेच स्पीकर. गणपतीत ज्याला लोक डॉल्बी म्हणतात त्याचेच धाकटे भाऊ. चेकिंगला मला मिळतात पाच मिनिटं, त्यातली दोन सत्काराच्या हारांना वाट देण्यात जातात. आणि शिट्टी वाजली की तीनशे माना मागे वळतात त्या दादांकडे. माझ्याकडे कुणी बघत नाही. त्यांच्यासाठी वायर म्हणजे विमा आहे. त्यांनी तो मागितला तर त्यांचं काय चुकलं?

चूक आमची आहे, वादकांची. हे लिहिताना मला मजा येत नाहीये, पण आहे. दीड लाखाची गिटार घेतो, तिला दमटपणाचा त्रास नको म्हणून केसमध्ये पुड्या ठेवतो, तारांच्या कंपन्यांवर तासन् तास वाद घालतो, आणि तो सगळा आवाज शेवटी ज्या एका भोकातून लोकांपर्यंत जाणार, ते भोक दुसऱ्याच्या पेटीत, दुसऱ्याच्या भरवशावर. सूत्रसंचालकाच्या थुंकीनं ओला झालेला गाण्याचा माइक समोर आला की आम्ही म्हणतो, चालेल. चालत नाही! गवई कधी दुसऱ्याचा तानपुरा न तपासता बसेल का? मग आम्ही का बसतो? आवाज म्हणजे वाजवून झाल्यावर कुणीतरी करायचं काम, असं आम्ही मनात ठरवून टाकलंय. माझ्या मते तो वाजवण्याचाच भाग आहे, नखं घासण्याइतकाच.

मी स्वतः काय करते ते सांगते. माझ्याकडे स्वतःचा एक लहान कन्डेन्सर माइक आहे, पेन्सिलीच्या आकाराचा. त्याला 48 व्होल्ट लागतात, म्हणून पोचल्यावर दादांना पहिला प्रश्न तोच: “मिक्सरला फँटम आहे ना?” छोटा स्टँडही माझाच. माइक लावायचा गिटारपासून वीतभर ते फूटभर अंतरावर, जिथे मान संपून पोट सुरू होतं तिथे, बाराव्या फ्रेटच्या आसपास. भोकासमोर कधीही नाही. दिसायला तीच जागा बरोबर वाटते आणि प्रत्येक कार्यक्रमात कुणीतरी मदतीच्या भावनेनं माइक तिकडे वळवतं. पण भोकातून पोटातली हवा घुमत बाहेर येते. तिथे माइक धरला तर गिटार रांजणात बसून बोलल्यासारखी वाटते.

अंतर हाच सगळा खेळ आहे. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलनं उतरतो. म्हणजे माइक दोन फुटांवरून एका फुटावर आणला, तर मिक्सरला हात न लावता तेवढाच आवाज फुकट मिळाला आणि शिट्टी तेवढी लांब गेली. आणखी जवळ न्यावा? नेऊन बघा. फार जवळ आला की असल्या माइकचा बेस आपोआप फुगतो, आणि आपण पुढे झुकलो की आवाज मोठा, मागे रेललो की गायब. मी पुढेमागे झुलत वाजवते, म्हणून मला फूटभरच बरं. तुम्ही पुतळ्यासारखे बसत असाल तर वीतभर. गिटारच्या कडेला चिमट्यानं बसणारे छोटे माइकही मिळतात, ते आपल्याबरोबर हलतात. महाग असतात, पण फिरतीवर असणाऱ्याला उपयोगी.

आता शिट्टी. दादांची भीती खोटी नाही. गिटारचं पोट हा हवेचा डबा आहे आणि साधारण 100 हर्ट्झच्या आसपास तो स्वतःहून घुमतो. स्पीकरचा आवाज परत त्या डब्यात शिरला की डबा घुमतो, माइक ते उचलतो, स्पीकर ते फेकतो आणि चक्र सुरू. यावर दादा घाबरून सगळा बेस कापतात, म्हणजे गिटारचं पोटच कापतात. तेवढी एक अरुंद पट्टी शोधून खाली घेतली तर बाकी सगळं वाचतं. त्याआधी स्पीकर माझ्या पुढे हवेत, मागे किंवा शेजारी नकोत. आणि पायाशी ठेवलेला मॉनिटर बंद. त्यावर प्रत्येक वेळी तोच संवाद होतो.

“ताई, तुम्हाला तुमचं ऐकू कसं येणार?”

“दादा, गिटार माझ्या छातीला टेकलेली आहे.”

पंखे मी बंद करायला लावते. उन्हाळ्यात लोक वैतागतात, मीही घामाघूम होते, पण पंख्यांची घरघर गेली की स्पीकर निम्म्यावर चालतो. एवढं एकच काम कुठल्याही महागड्या माइकपेक्षा जास्त देऊन जातं आणि त्याला पैसे पडत नाहीत.

मग येतो मागून आवाज: “ऐकू येत नाही! वाढवा!” ही आपली राष्ट्रीय आरोळी आहे. यावर माझं मत थोडं उर्मट वाटेल. पहिल्या दोन मिनिटांत ती आरोळी आली तर मी वाढवू देत नाही. आपण सगळे रिक्षा, हॉर्न आणि हॉलबाहेरच्या गाड्यांच्या गोंधळातून उठून आलेले असतो. कानांना उतरायला वेळ लागतो. एखादा संथ तुकडा वाजवून होईपर्यंत खोली आपोआप खाली येते, माणसं किंचित पुढे सरकतात. दोन मिनिटांनंतरही कुणी म्हणालं, तर मात्र वाढवायचं; तेव्हा ते खरं असतं.

तुम्ही फोनवर ऐकता त्या गिटारनंही थोडा घोळ केलाय. रीलमध्ये माइक गिटारच्या तोंडाशी असतो, वर रिव्हर्ब असतो, ऐकताना इयरफोन थेट कानात. गिटारची सगळ्यात खालची तार साधारण 82 हर्ट्झवर हलते. फोनचा तो तांदळाएवढा स्पीकर एवढा खालचा सूर जवळपास काढूच शकत नाही. वरच्या सुरांवरून तुमचा मेंदू तो भरून काढतो. म्हणजे तुम्ही जिला ओळखता ती गिटार अर्धी तुमच्या डोक्यात तयार झालेली असते. म्हणून प्रत्यक्षात पहिल्यांदा ऐकणारे म्हणतात, “अरे, एवढा लहान आवाज?” हो, एवढाच. सवय होईल.

आणि हो, वायरचाही दिवस असतो. तबला सोबत असेल, ड्रम्स असतील, उघड्यावर कार्यक्रम असेल, तर माइक हरतो आणि मीही कपाटावरची गिटार खाली काढीन. तेव्हा खालचा भाग वायरमधून, वरचा माइकमधून, असं जुळवून घेता येतं. त्याची मला लाज नाही. पण रिकाम्या स्टेजवर, एकट्या गिटारला, केवळ सोय म्हणून वायर लावणाऱ्यांशी मी भांडत राहीन. आयोजकांशी सगळ्यात आधी. हारतुऱ्यांना अर्धा तास असतो, मग चेकिंगला वीस मिनिटं का नसतात?

गेल्या हिवाळ्यात एका वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वाजवलं. ऐंशी-नव्वद माणसं. साउंडला दादा तेच, ‘वायर लावा ना’वाले, एव्हाना आमची ओळख झाली आहे. चेकिंगला अर्धा तास मिळाला, कारण प्रमुख पाहुणे उशिरा येणार होते. एकाच जागी उभं राहून आवाज ठरवू नका, शेवटच्या खुर्चीवर जाऊन ऐका, अशी मी त्यांना गळ घातली. ते गेले, बसले, परत आले, थोडं कमी केलं. पुन्हा गेले. मी ‘रिकुएर्दोस’ वाजवलं. सहा वर्षांनी पहिल्यांदा लोकांसमोर.

नंतर खाली चहाच्या टपरीवर वायर गुंडाळत दादा सांगत होते, “ताई, मध्येच मला वाटलं, माइक बंदच आहे. नुसती गिटारच ऐकू येतेय. म्हणून हळूच फेडर खाली घेतला.”

“मग?”

“मागच्या आजोबांनी लगेच वळून बघितलं. परत वर केला. चालूच होता की!”